गिटारची पेटी की फुल-रेंज बॉक्स? हातखंब्याच्या साउंडवाल्यापुढचा सवाल

मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्याला रत्नागिरीकडे वळायचे तर हातखंबा तिठ्यावर गाडी हळू करावी लागते. पश्चिमेची वाट रत्नागिरी शहराला जाते, महामार्ग पालीकडे जातो, आणि पालीहून नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढला की कोल्हापूर आणि पुढे मिरज. मंडप, लाइट आणि साउंड भाड्याने देणाऱ्याला ही जागा मोठी सोयीची. टेम्पो भरून ठेवला की संगमेश्वर, लांजा, रत्नागिरी, कुठलीही ऑर्डर घेता येते.

या परिसरात साउंडचा धंदा करणारे आमच्या ओळखीचे एक भाई आहेत. भोंगा आणि कॉलमच्या दिवसांपासून ते या व्यवसायात आहेत. निकाह, वाअज, शाळेचे संमेलन, नमन, शक्ती-तुऱ्याचा सामना, सारे त्यांनी केलेले. दोन हंगामांपूर्वी त्यांनी मुंबईहून एक जुनी गिटारची पेटी आणली. बारा इंची चार स्पीकर, काळे रेक्झिन, पुढे कापडी जाळी. वजन ३५ किलोच्या घरात, उचलायला दोन माणसे. ऑर्केस्ट्रावाले गिटारसाठी वेगळा साउंड मागतात, तो आपल्याकडे असला तर दोन पैसे जास्त मिळतील, हा हिशेब.

पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात फजिती झाली. गिटार वाजवणारा मुलगा अँप्लिफायर न घेता आला. त्याच्याकडे पाटाएवढे एक यंत्र होते, पायाने दाबायची बटणे असलेले. ते त्याने पॉवर अँपमधून या पेटीला जोडले, आणि आवाज आला तो गोधडीखालून यावा तसा. "चाचा, पेटी खराब आहे," मुलगा म्हणाला. मग त्याने यंत्रातले काहीतरी बंद केले आणि तार थेट मिक्सरमध्ये दिली. आता पत्र्यावर करवत फिरवावी तसा आवाज मांडवभर झाला. बायाबापड्यांनी कानांवर हात ठेवले. आयोजकांनी ठरलेल्या रकमेतून पैसे कापले आणि भाईंनी ती रात्र गोदामात पेटीचे स्पीकर एकेक करून तपासण्यात घालवली. चारही शाबूत होते.

पेटी खराब नव्हती, मुलाचे यंत्रही खराब नव्हते. दोघांची गाठ चुकीची पडली होती. या चुकीत भांडवल अडकते म्हणून आम्ही मुद्दाम त्यांच्या गोदामात एक दुपार बसून दोन्ही प्रकार ऐकले. जे समजले ते साउंड, सुतारकाम आणि स्पीकर दुरुस्तीच्या धंद्यातील बांधवांसाठी येथे देत आहोत.

मिरजेच्या भोपळ्याची गोष्ट

हातखंब्याहून निघणारी कोल्हापूरची वाट जिथे पुढे जाते त्या मिरजेत सतार आणि तानपुरे बनतात. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात या हुन्नराकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात पहिल्याने घेतले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कोणताही कारागीर तुम्हाला सांगेल की तार फक्त थरथरते, बोलतो तो भोपळा. भोपळा बदला, तोच हात आणि तीच तार वेगळी बोलेल.

इलेक्ट्रिक गिटारला भोपळा नसतो. तिचे लाकूड भरीव. तिचा भोपळा म्हणजे अँप्लिफायर आणि त्याची स्पीकरची पेटी. इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांनी १९६० च्या दशकात चार स्पीकरांच्या पेट्या काढल्या, सेलेस्शन कंपनीचे बारा इंची स्पीकर त्यांत बसले, आणि जगभर गिटारचा म्हणून जो आवाज कानांत बसला तो या पेट्यांचा. हे स्पीकर साधारण ७० पासून ५००० हर्ट्झपर्यंतच नीट वाजतात. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे वरचा मोठा भाग ही पेटी गाळूनच टाकते, आणि तिचे गिऱ्हाईक तिला त्यासाठीच पैसे देते. अँप्लिफायर जोरात चालवला की गिटारचा स्वर फाटतो आणि त्यातून कर्कश कण निघतात. पिठातला कोंडा चाळणीने अडवावा तसे पेटीचा कागदी कोन ते अडवतो. भाईंच्या मांडवात करवतीसारखे वाजले ते हेच चाळणी न लागलेले पीठ.

आता मुलाच्या यंत्राकडे येऊ. त्याला डिजिटल मॉडेलर म्हणतात. रोलंडचे व्हीजी-८ हे १९९५ मध्ये आले, लाइन सिक्सचे पॉड १९९८ मध्ये, जर्मनीचे केम्पर २०११ मध्ये, लाइन सिक्सचे हेलिक्स २०१५ मध्ये. आज त्यांच्या स्वस्त आवृत्त्या कॉलेजच्या पोरांच्या पाठपिशवीत असतात. नामांकित अँप्लिफायरांच्या आवाजाची गणिताने केलेली नक्कल त्यात भरलेली असते. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. नक्कल नुसत्या अँप्लिफायरची नसते. त्याच्या पेटीची आणि पेटीपुढे ठेवलेल्या माइकचीही नक्कल आत असते. यंत्राच्या पडद्यावर ती 'कॅब' या नावाने दिसते आणि चालू-बंद करता येते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच्या आवाजात भोपळा आधीच आहे. त्याचा स्पीकर उचलून कोणी खऱ्या तानपुऱ्याच्या भोपळ्यात कोंबला तर काय ऐकू येईल? भाईंच्या पेटीतून तेच ऐकू आले. यंत्रातील कॅब चालू होती आणि बाहेर खरी पेटीही होती. एका चाळणीवर दुसरी चाळणी. नंतर त्याने कॅब बंद केली आणि मिक्सरला दिले, तेव्हा एकही उरली नाही. मॉडेलरवाल्याच्या आवाजात पेटी एकदाच यावी, एवढे समजले की निम्मे भांडण मिटते. पेटी यंत्रात घ्यायची असेल तर बाहेरचा स्पीकर जसेच्या तसे वाजवणारा हवा, म्हणजे फुल-रेंज. खरी गिटारची पेटी वापरायची असेल तर यंत्रातील कॅब बंद हवी.

गोदामातील दुपार

फुल-रेंज बॉक्स साउंडवाल्यांना नवा नाही. बारा किंवा पंधरा इंची स्पीकर, वर हॉर्नमध्ये बसवलेला ट्वीटर, दोघांना आपापला हिस्सा वाटून देणारा क्रॉसओव्हर, आणि आतच अँप्लिफायर. आपण गाण्याला आणि भाषणाला 'टॉप' म्हणून जो लावतो तोच. गिटारवाल्यांसाठी म्हणून वेगळ्या नावाने विकला जाणारा बॉक्सही आतून बहुधा याच घराण्यातील असतो.

आम्ही त्याच मुलाला बोलावून घेतले. आधी कॅब चालू ठेवून फुल-रेंज बॉक्सवर, मग कॅब बंद करून चार स्पीकरांच्या पेटीवर. दोन्ही वेळा आवाज चांगला आला, पण दोन जातींचा. पेटीचा आवाज छातीवर येतो. मुलगा तिच्यापुढे उभा राहून खुश होता, त्याची बोटेही मोकळी चालली. मात्र आम्ही दोन पावले बाजूला सरलो की तो आवाज एकदम मंद होई. बारा इंची कोन वरचे स्वर समोर, अरुंद पट्ट्यात फेकतो. सरळ रेषेत बसलेल्याचे कान फुटतात आणि कोपऱ्यातल्याला ऐकू येत नाही. फुल-रेंजच्या हॉर्नमुळे तोच आवाज रुंद पसरत होता.

मुलाची तक्रार वेगळी होती. "यातून माझा अँप्लिफायर वाजतोय असं वाटत नाही, अँप्लिफायरची कॅसेट वाजतेय असं वाटतं." तक्रार खरी आहे. यंत्रातील पेटीची नक्कल माइकच्या कानाने केलेली असते, आणि माइक जाळीला चिकटून ठेवलेला असतो. वाजवणाऱ्याचा कान मात्र पेटीपासून दोन-तीन हात दूर आणि कमरेच्या वर असतो. पण प्रेक्षकांनी मोठ्या कार्यक्रमात गिटार नेहमी माइकमधूनच ऐकलेली आहे. त्यांचे काही हरवत नाही. हरवते ते वाजवणाऱ्याचे. तेव्हा साउंडवाल्याने आपले गिऱ्हाईक कोण हे आधी ठरवावे. भाड्याचे पैसे आयोजक देतो आणि तो प्रेक्षकांत बसतो.

घरच्या तयारीचा मुद्दाही येथेच निघाला. मुले रात्री हळू आवाजात किंवा हेडफोन लावून यंत्रातील स्वर जुळवतात आणि तेच मांडवात आणतात. हळू आवाजात कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले होते. त्यामुळे मूल घरी दोन्ही वाढवून ठेवते, आणि मांडवात आवाज मोठा केला की खर्ज घुमतो, टीप टोचते. यावर फार डोके चालवावे लागत नाही. मिक्सरवर गिटारच्या पट्टीत ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा, आणि वरचा सहा-सात हजारांपासून उतरवावा. बरेचसे दुखणे तिथेच जाते. आम्ही हे केले तेव्हा मुलाने स्वतःहून मान डोलावली.

भांडवल कुठे घालावे

भाड्याचा धंदा करणाऱ्याला आम्ही स्पष्ट सांगू की चार स्पीकरांची गिटारची पेटी घेऊ नये. भाईंच्या वहीत पाहिले तर वर्षभरात गिटारवाले कार्यक्रम बोटांवर मोजण्याइतके. बाकी दिवस पेटी गोदामात जागा अडवून बसते. तिच्यावर गाणे लावता येत नाही, भाषण लावता येत नाही. आपल्या बोलण्यातील 'स'ची धार बरीचशी ५००० हर्ट्झच्या वर असते आणि ही पेटी तिथे संपते. कीबोर्डचा किंवा ऑक्टोपॅडचा खर्ज दिला तर कोन फाटायची भीती. फुल-रेंज बॉक्स मात्र शनिवारी रात्री गिटारसाठी, रविवारी सकाळी निकाहसाठी आणि सोमवारी शाळेत. वजन पंधरा-वीस किलो, एक माणूस उचलतो. कोकणातल्या घाट्या आणि पाणंदी ज्याने सामान डोक्यावर घेऊन चढल्या आहेत त्याला या फरकाची किंमत सांगायला नको.

रात्री दहाचा मुद्दाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जुन्या धाटणीचा गिटारचा अँप्लिफायर आणि पेटी जोरात चालवल्याशिवाय रंगात येत नाही. मॉडेलर आणि फुल-रेंज बॉक्स यांत तोच फाटलेला स्वर हळू आवाजातही मिळतो. पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा हे बरे.

वॅटच्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सतत चालणारी ताकद, म्हणजे आरएमएस, बारीक अक्षरांत शोधावी. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दसपट लागतात. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात. एखादा बॉक्स एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल देत असेल तर १०० वॅटला ११८ देईल आणि ३२ मीटरवर त्यातले ८८ उरतील. म्हणून वॅटच्या शेजारी हा पहिला आकडाही पाहावा. तो ३ ने जास्त असलेला बॉक्स निम्म्या वॅटमध्ये तेवढेच काम करतो.

दुकानात ऐकताना दुकानदाराचे झगमगते गाणे ऐकू नये. आपल्या मोबाइलमध्ये ओळखीच्या माणसाचे बोलणे किंवा बिनवाद्याची एखादी नात घेऊन जावी. आधी हळू, मग मोठ्याने लावावी आणि बॉक्सच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चालत जावे. मोठ्या आवाजात माणूस नाकात बोलू लागला किंवा बाजूला सरताच शब्द पुसट झाले, तर तो बॉक्स गिटारलाही न्याय देणार नाही.

फुल-रेंजचे दुखणे एकच, पण मोठे. तो बिघडला की आपल्या हातात काही राहत नाही. आत अँप्लिफायर आणि आवाज सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक्स एकाच पाटीवर असते, आणि ती पाटी कंपनीकडूनच यावी लागते. आमच्या पावसाची दमट हवा आणि समुद्राचा खार जोडांना आणि स्क्रूंना खातो. म्हणून ज्याची पाटी आणि ट्वीटर मुंबईत सुटे मिळतात असाच बॉक्स घ्यावा, मग तो चार पैसे महाग पडला तरी. पावसाळ्यात तो बांधून ठेवू नये, आठ-पंधरा दिवसांनी तासभर चालू करावा. गिटारच्या पेटीचे तसे नाही. कॉइल जळली, कोन फाटला तर रिकोन करणारा कारागीर ती पुन्हा उभी करतो. पन्नास वर्षे जुन्या पेट्या आजही वाजतात त्या या कारणाने.

सुतार आणि स्पीकरवाल्यांसाठी

येथे कारागिरांना एक काम दिसते. गिटारची पेटी बनवणे हे बॉक्स बनवण्याच्या कामांतील सर्वांत सोपे. तिला क्रॉसओव्हर नाही, हवेच्या नळीचे गणित नाही. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय, घट्ट सांधे, बारा इंची स्पीकरसाठी सुमारे २८३ मिलिमीटरचे भोक (स्पीकर हातात आल्यावर मोजूनच कापावे), मागची फळी बंद किंवा अर्धी उघडी. बंद पेटीचा खर्ज आवळलेला येतो, उघडीचा आवाज मागेही पसरतो आणि मोकळा वाटतो. एमडीएफ वापरू नये, एका पावसाळ्यात ते फुगते. फुल-रेंज बॉक्स मात्र अंदाजाने करण्याचे काम नाही. त्यात पेटीचे लिटर आणि नळीची लांबी त्या त्या स्पीकरच्या आकड्यांवरून काढावी लागते. ते चुकले तर खर्ज एका स्वरावर घुमत राहतो.

या दोन्हींच्या मधलाही एक रस्ता निघाला आहे. सेलेस्शनने २०१९ मध्ये एफ१२-एक्स२०० नावाचा बारा इंची स्पीकर काढला. तो गिटारच्या पेटीच्या भोकात बसतो, पण ट्वीटर आणि क्रॉसओव्हर त्याच्यातच असल्याने ६० ते २०,००० हर्ट्झ वाजवतो. म्हणजे साध्या सुताराने केलेली लाकडी पेटी आणि आत फुल-रेंज आवाज. मॉडेलरमधील कॅब चालू ठेवून तो वापरायचा. त्याला बाहेरून पॉवर अँप लागतो, ही त्याची अडचण. तरी ज्या मुलाला लाकडी पेटीचा धक्काही हवा आणि यंत्रातील सगळे आवाजही हवेत, त्याच्यासाठी ही जोडणी कोणीही हुन्नरी माणूस करून देऊ शकतो.

ज्या वादकाचा आयुष्यभराचा आवाज एकच आहे आणि जो स्वतःपुरती खरेदी करतो, त्याने मात्र खुशाल एक स्पीकरची गिटारची पेटी घ्यावी. बहुतेक मॉडेलरांना बाहेर पडायच्या वाटा दोन असतात. एका वाटेवर कॅब बंद करून आपल्या मागच्या पेटीला द्यायचे, दुसरीवर कॅब चालू ठेवून साउंडवाल्याच्या मिक्सरला. वादकाला त्याचा धक्का मिळतो आणि मांडवाला स्वच्छ आवाज. केम्पर आणि हेलिक्ससारख्या यंत्रांत ही सोय आहे. ती बहुतेक मुलांनी उघडूनही पाहिलेली नसते, म्हणून साउंडवाल्याने स्वतः विचारावे.

भाईंनी शेवटी पेटी फोडायचे ठरवले. आतले चारही स्पीकर १६ ओहमचे निघाले. त्यांच्या शेजारच्या सुताराने त्यांतील दोन स्पीकरांसाठी दोन लहान पेट्या केल्या. एक पेटी एकटी लावली तर १६ ओहम, त्यामुळे ट्रान्झिस्टरच्या पॉवर अँपची ताकद तिच्यावर कमी उतरते. दोन्ही समांतर जोडल्या की ८ ओहम होतात आणि अँप मोकळा चालतो. उरलेले दोन स्पीकर एका रिकोनवाल्याने विकत घेतले. त्या पैशांत थोडी भर घालून फुल-रेंजच्या जोडीतील एक बॉक्स आला आहे, दुसरा हंगामानंतर येईल.

लहान पेट्यांच्या मागे भाईंच्या मुलाने लाल टेप लावून 'कॅब बंद' असे लिहिले आहे, आणि फुल-रेंजवर हिरव्या टेपने 'कॅब चालू'. कार्यक्रमाला येणाऱ्या गिटारवाल्याला तो तार हातात देण्याआधी ती पट्टी वाचायला लावतो.